सॉकेट आणि ग्राहकाचे स्वातंत्र्य : घरगुती संगणकाच्या अद्ययावतीकरणाचा इतिहास

घरगुती संगणकाच्या इतिहासात प्रोसेसरच्या वाढत्या वेगाची चर्चा बरीच होते. परंतु प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो, त्याचे महत्त्वही तितकेच आहे. १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक प्रामुख्याने बाजारात उपलब्ध असलेल्या भागांपासून तयार केला. त्यामुळे पुढे सुटे भाग जोडून संगणक उभारण्याची वाट मोकळी झाली. १९९६-९७ च्या सुमारास इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के६ व सायरिक्सचा ६एक्स८६ हे तिन्ही प्रोसेसर ‘सॉकेट ७’ मध्ये बसत असत. मदरबोर्ड अनुरूप असल्यास केवळ प्रोसेसर बदलून संगणकाचे आयुष्य वाढविता येई.

१९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ साठी ‘स्लॉट १’ ही स्वतंत्र रचना स्वीकारली. साहजिकच सॉकेट ७ वापरणाऱ्या ग्राहकास नव्या प्रोसेसरबरोबर नवा मदरबोर्डही घेणे भाग पडले. १९९८ मध्ये एएमडीने ‘सुपर सॉकेट ७’ द्वारे बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेऊन जुनी परंपरा टिकविली. मात्र १९९९ मध्ये अ‍ॅथलॉनसाठी याच कंपनीने ‘स्लॉट ए’ निवडला. तो आकाराने स्लॉट १ सारखा असला, तरी विद्युतरचनेच्या दृष्टीने त्याच्याशी विसंगत होता.

तात्पर्य, घरगुती संगणक किती काळ उपयुक्त राहील, हे केवळ तांत्रिक प्रगतीने ठरले नाही. सॉकेटवर नियंत्रण कोणाचे, या प्रश्नानेही ते ठरविले.