‘मिसेस मेझल’ : एका विनोदी मालिकेतील कालविपर्यास

‘द मार्व्हलस मिसेस मेझल’ ही अमेरिकन विनोदी मालिका २०१७ ते २०२३ या काळात पाच पर्वांत प्रसारित झाली. एमी शर्मन-पॅलाडिनो या तिच्या निर्मात्या. १९५८ सालच्या न्यूयॉर्कमधील एक सुखवस्तू ज्यू गृहिणी पतीने सोडल्यावर श्रोत्यांपुढे एकटी उभी राहून विनोदी भाषणे करू लागते व कीर्तीच्या शोधात निघते, एवढेच कथासूत्र. वेशभूषा, रस्ते, ग्रिनिच व्हिलेजमधील गॅसलाइट कॅफे यांची पुनर्रचना इतकी कसोशीने केलेली आहे, की इतिहासाच्या अभ्यासकासही ही मालिका साधनाच्या योग्यतेची वाटावी. सावध राहावयाचे ते येथेच.

पहिल्याच भागात पोलिसांच्या गाडीत नायिकेची गाठ लेनी ब्रूस या खऱ्याखुऱ्या विनोदकाराशी पडते. दोघांनाही असभ्य प्रयोगाबद्दल पकडलेले असते. वस्तुतः अश्लीलतेच्या आरोपावरून ब्रूसला प्रथम अटक झाली ती ऑक्टोबर १९६१ मध्ये, आणि तीही सॅन फ्रान्सिस्को येथे. न्यूयॉर्कमधील अटक एप्रिल १९६४ ची. सहा वर्षांचे हे अंतर क्षुल्लक मानता येत नाही. कारण मालिकेत अटक हे नायिकेच्या उदयाचे पहिले पाऊल ठरते, तर ब्रूसच्या बाबतीत अटकांच्या मालिकेनेच त्याचा रंगमंच हिरावून घेतला.

त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये अटकेचा अर्थ काय होता, हे समजण्यासाठी ‘कॅबरे कार्ड’ लक्षात घेतले पाहिजे. १९४० पासून १९६७ पर्यंत रात्रीच्या करमणूकगृहांत काम करणाऱ्यास पोलिसांकडून हे ओळखपत्र घ्यावे लागे. ते गेले की उपजीविका गेली. लॉर्ड बकली या विनोदकाराचे पत्र १९६० च्या ऑक्टोबरात जप्त झाले व नोव्हेंबरात तो मरण पावला. त्यानंतर या पद्धतीविरुद्ध मोठी ओरड झाली. आपल्याकडे नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. तेथे संहितेची तपासणी नव्हती, तपासणी माणसाची होती.

ब्रूसच्या खटल्यात तर याहून विलक्षण प्रकार घडला. परवाना खात्याचा एक निरीक्षक प्रयोगास हजर राहून टिपणे घेऊन गेला आणि त्यांच्या आधारे त्याने न्यायालयात ब्रूसचा प्रयोग स्वतःच सांगितला. विनोद ज्या स्वरात, ज्या विरामांनी जगतो ते सर्व गाळून उरलेल्या शब्दांवर निवाडा होणार, ही ब्रूसची तक्रार मला रास्त वाटते. नोव्हेंबर १९६४ मध्ये तो दोषी ठरला; ३ ऑगस्ट १९६६ रोजी वारला. राज्यपाल पटाकी यांनी त्याला मरणोत्तर क्षमा केली ती २००३ साली.

मग स्त्रियांनी कीर्ती मिळविली ती कोणत्या मार्गाने? याचे उत्तर नायिकेपेक्षा सोफी लेनन या दुय्यम पात्रात अधिक प्रामाणिकपणे सापडते. खाजगीत ऐश्वर्यात राहणारी ही बाई रंगमंचावर कृत्रिम लठ्ठपणा चढवून गावंढळ गृहिणीचे सोंग घेते. फिलिस डिलर हिने १९५५ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पर्पल अनियन’मध्ये आरंभ केला, तिनेही विस्कटलेले केस आणि अंग झाकणारे ढगळ कपडे यांच्याच आश्रयाने स्वतःच्या रूपाची थट्टा केली. जीन कॅरोल हा अपवाद मान्य केला पाहिजे. ती एड सलिव्हनच्या कार्यक्रमात नीटनेटक्या, उंची पोशाखात येई. परंतु तिचे अनुकरण फारसे झाले नाही.

शेवटच्या भागात, १९६१ साली, नायिका दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाची लेखिका असून तेथे पाहुणी म्हणून बसविली जाते. सूत्रधाराच्या इच्छेविरुद्ध ती ध्वनिक्षेपकाकडे जाते आणि चार मिनिटांत प्रसिद्ध होते. या प्रसंगामागे जोन रिव्हर्स दिसते. १७ फेब्रुवारी १९६५ रोजी जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’मध्ये तिलाही विनोदलेखिका म्हणून थेट आसनावर बसविण्यात आले होते. फरक इतकाच की, ती उठली नाही. बसूनच बोलली, आणि तेवढ्याने तिचे नाव झाले.