हिमा : गवत कुणाचं, राखण कुणाची?

जंगल वाचवण्याचा एक नवा मार्ग अलीकडे सांगितला जातो. जमिनीचे नकाशावर तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं डिजिटल टोकन काढून जगभर विकायचं आणि त्या पैशातून जंगल राखायचं. 2022 मध्ये ब्राझीलमध्ये एका कंपनीने ॲमेझॉनच्या जंगलावर अशी टोकनं विकायला काढली. ती जमीन आमच्या पूर्वजांची आहे, असं अपुरिना आदिवासींनी सांगितलं. मग सरकारी वकिलांनी कंपनीकडे मालकीचे कागद मागितले. पैसा आधी आला. हक्क कुणाचा, राखणदार कोण, हे प्रश्न मागून आले.

इस्लामी इतिहासात हेच प्रश्न सातव्या शतकात विचारले गेले होते.

अरबस्तानात राखीव कुरणाला 'हिमा' म्हणत. इस्लामपूर्व काळात बलाढ्य सरदार कुत्रं भुंकायला लावत आणि त्याचा आवाज जाईल तिथपर्यंतचं गवत आपलं ठरवत, असं सांगतात. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी ही सरदारकी मोडली. हिमा ठेवायचा तर तो अल्लाह आणि रसूलसाठी, म्हणजे सर्वांच्या हितासाठी, असा दंडक घातला. मदिनेजवळचं नकी हे कुरण घोड्यांसाठी राखलं गेलं.

हजरत उमर (रजि.) यांनी खिलाफतीच्या काळात (634–644) रबजा इथे हिमा ठेवला आणि त्यावर हुनै नावाचा मुक्त केलेला गुलाम नेमला. त्याला दिलेल्या सूचना बुखारीत नोंदल्या आहेत. थोडे उंट, थोड्या शेळ्यामेंढ्या असणाऱ्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना मात्र नको. दोघेही मोठे सहाबी, पण त्यांची जनावरं मेली तरी शेती आणि खजुरीच्या बागा होत्या. गरिबाची जनावरं मेली, तर तो मुलाबाळांसह खलिफाच्या दारात येणार. तेव्हा सोनं-चांदी देण्यापेक्षा आज गवत-पाणी देणं स्वस्त, असा हा साधा हिशेब होता. शिवाय, ही जमीन इथल्या लोकांची आहे आणि आपण अन्याय करतो असं त्यांना वाटतं, हेही उमर यांनी त्याच बोलण्यात मान्य केलं.

कुरण बंद केलं की पहिली झळ मेंढपाळाला लागते. त्याचा चारा सुटला नाही तर तो रात्री कुंपण ओलांडणारच. सुटला, तर तोच राखणदार होतो.

दुसरा धडा खैबरचा. तिथे मिळालेल्या जमिनीचं काय करावं, असं उमर यांनी पैगंबरांना विचारलं. मूळ जमीन रोखून ठेव, उत्पन्न दान कर, असा सल्ला मिळाला. विक्री नाही, बक्षीस नाही, वारसा नाही. देखरेख करणाऱ्याने त्यातून रास्त तेवढं खावं, साठवू नये. वक्फचा हा पाया. देखरेखीला मोबदला आहे, पण तो उत्पन्नातून. जमिनीच्या भावातून नाही.

टोकन मात्र विकण्यासाठीच निघतं. घेणाऱ्याचा फायदा भाव चढण्यात असतो, गवत वाढण्यात नाही. कार्बन क्रेडिटवर उभं राहिलेलं 'क्लायमा' टोकन 2021 मध्ये तीन हजार डॉलरच्या पुढे गेलं आणि पुढच्याच वर्षी दहा डॉलरच्या खाली आलं. अशा चढउतारावर राखणदाराचा पगार कसा चालेल?

जुनी रीत निर्दोष होती असं नाही. आपल्याकडच्या वक्फ जमिनींवरची अतिक्रमणं आणि कवडीमोल भाडेपट्टे पाहिले, की अनेक मुतवल्लींनी 'खावं' लक्षात ठेवलं आणि 'रास्त' विसरले, हे कळतं. नियम चांगला असूनही हिशेब मागणारं कुणी नसलं की असं होतं. अरबस्तानातही 1950 च्या दशकात सरकारने हिमांचं संरक्षण काढून चराई सर्वांना खुली केली आणि बरीच कुरणं उजाड झाली. सर्वांचं म्हणून खुलं केलेलं कुरण राखायला कुणीच उरलं नाही. याउलट लेबनॉनमध्ये 2004 पासून निसर्गरक्षक संस्थेने गावांना सोबत घेऊन हिमा पुन्हा सुरू केले आहेत.

टोकनने पैसा उभा राहत असेल तर राहू द्या, तंत्राशी वैर नाही. पण घेण्याआधी हुनैच्या जागी उभं राहून तीन गोष्टी विचाराव्यात : इथल्या माणसाचा हक्क मान्य केला का? त्याची शेळी आत येऊ शकते का? आणि भाव पडला, तरी उद्या राखण कोण करणार?