रंगमंचावरील भय : न दिसणाऱ्याची सत्ता

सुरत शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर डुमस हा काळ्या वाळूचा समुद्रकिनारा आहे. तेथे पूर्वी स्मशान होते आणि रात्री कुजबुज ऐकू येते, अशी लोकसमजूत आहे. या आख्यायिकेचा भर भूत दिसण्यापेक्षा ते ऐकू येण्यावर आहे. नाट्यगृहातील भयाचे मूळ तत्त्वही हेच आहे.

चित्रपटात प्रेक्षकाने काय पाहावे, हे कॅमेरा ठरवतो. नाटकात प्रेक्षकाची नजर मोकळी असते. विंगेतील हालचाल किंवा ओघळलेली रंगभूषा तिला चटकन दिसते. म्हणूनच भर प्रकाशात उभे केलेले भूत बहुधा हशा पिकवते. मात्र रंगभूमीजवळ एक सामर्थ्य आहे, जे पडद्याजवळ नाही. येथे नट आणि प्रेक्षक एकाच काळोखात असतात आणि भूत आपल्या खुर्चीपर्यंत येऊ शकते, ही जाणीव प्रेक्षकाला सोडत नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘द वुमन इन ब्लॅक’. सुझन हिल यांच्या 1983 मधील कादंबरीचे स्टीफन मॅलाट्राट यांनी केलेले हे नाट्यरूपांतर 1987 मध्ये इंग्लंडमधील स्कारबरो येथे अल्प खर्चात रंगमंचावर आले. संवाद बोलणारे नट दोनच. वेताची एक पेटी कधी घोडागाडी होते, तर कधी आणखी काही. कुत्रा तर केवळ अभिनयातून भासतो. जो प्रेक्षक नसलेला कुत्रा मान्य करतो, तो पुढे नसलेल्या सावलीलाही घाबरतो. लंडनच्या फॉर्च्यून थिएटरमध्ये हे नाटक 1989 पासून 2023 पर्यंत चालले.

दुसरे तत्त्व आहे ताण आणि सुटकेचे. पॅरिसच्या ‘ग्राँ गिन्योल’ या भयनाट्यगृहात (1897 ते 1962) भीषण एकांकिकांच्या मध्ये प्रहसने योजली जात. हसून सैल झालेले मन पुढच्या धक्क्याला अधिक सहज बळी पडते.

गोमंतकीयांना हे अनोळखी नाही. पेडणे आणि सिंधुदुर्गातील दशावतारात देवळाच्या प्रांगणात, मोजक्या साहित्यानिशी रात्र जागवली जाते. काळ्या वेशातील संकासूर अवतरताच मुले आईला बिलगतात. थोड्याच वेळात त्याच्या बोलण्यावर तीच खदखदून हसतात.

कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी तयारी करणाऱ्या हौशी संस्थांना यातून दिलासा मिळावा. धूर आणि किंकाळ्या यांवरील खर्चापेक्षा नेमकी शांतता, उशिरा येणारा प्रकाश आणि प्रेक्षकांच्या पाठीमागून आलेला एखादा आवाज अधिक परिणाम साधतो. अट एकच : रंगमंचावरील पात्राने खरोखर घाबरले पाहिजे. त्याची भीती खोटी वाटली, तर प्रेक्षागृहातील काळोख केवळ दिवे मालवल्याचाच उरतो.