वॉलमार्ट गेलं, ग्रंथालय आलं: रिकाम्या सुपरस्टोअरमध्ये पुस्तकं कशी पोहोचली?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेला लागून मॅकअ‍ॅलन नावाचं शहर आहे. इथलं वॉलमार्ट दुसरीकडे गेलं आणि मागे उरली एक अवाढव्य रिकामी इमारत. त्याच वेळी शहराचं मुख्य ग्रंथालय वाढत्या लोकसंख्येला अपुरं पडत होतं. शहर प्रशासनाने या दोन प्रश्नांना एकच उत्तर शोधलं. डिसेंबर २०११ मध्ये त्याच इमारतीत नवं ग्रंथालय सुरू झालं.

हे ग्रंथालय सुमारे सव्वा लाख चौरस फुटांचं आहे. एकाच मजल्यावर असलेलं अमेरिकेतलं सर्वात मोठं सार्वजनिक ग्रंथालय अशी त्याची ओळख आहे. पहिल्याच महिन्यात नव्या सदस्यांची नोंदणी २३ टक्क्यांनी वाढली. २०१२ मध्ये अंतर्गत सजावटीसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

इमारती रिकाम्या का राहतात?

मोठ्या साखळी दुकानांना जुन्या जागेत वाढ करण्यापेक्षा जवळच नवं, आणखी मोठं दुकान बांधणं अनेकदा सोयीचं वाटतं. काही कंपन्या दिवाळखोरीत जातात, काहींचे ग्राहक ऑनलाइन खरेदीकडे वळतात. त्यात काही वेळा जागा सोडणारी कंपनी करारातच अट घालते की, इथे स्पर्धक दुकान येता कामा नये. मग दुसरा दुकानदार मिळणं कठीण होतं. ग्रंथालय, शाळा किंवा दवाखाना मात्र कोणाचा स्पर्धक नसतो.

ग्रंथालयासाठी ही जागा सोयीची का?

पुस्तकं जड असतात. अमेरिकेतल्या मानकांनुसार पुस्तकांच्या रॅकसाठी मजल्याने दर चौरस फुटाला १५० पौंड, म्हणजे साधारण ६८ किलो भार पेलायला हवा. दुकानाच्या वरच्या मजल्यासाठी हीच अट ७५ पौंडांची आहे. म्हणून बहुमजली मॉलमध्ये वरती ग्रंथालय करायचं तर आधी मजल्याची तपासणी आणि अनेकदा मजबुतीकरण करावं लागतं. वॉलमार्टसारख्या दुकानात फरशी थेट जमिनीवर असते, त्यामुळे ही अडचण फारशी येत नाही.

आत भिंती कमी, खांब लांब लांब आणि सगळं एकाच पातळीवर. व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन येणाऱ्यांना जिना चढावा लागत नाही. पार्किंगही तयार असतं.

मग अडचण कुठे आहे?

अशा दुकानांना खिडक्या जवळपास नसतातच. वाचनासाठी मात्र उजेड आणि शांतता दोन्ही लागतात. प्रचंड मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि माणूस हरवल्यासारखा होतो. मॅकअ‍ॅलनमध्ये छत आणि भिंती पांढऱ्या रंगवल्या आणि वेगवेगळ्या विभागांना वेगवेगळे रंग दिले. मुलांसाठी स्वतंत्र भाग, १४ अभ्यास खोल्या, सभागृह आणि कॅफे अशी जागेची विभागणी झाली.

दुसरी अडचण पोहोचण्याची. ही दुकानं मोटारीने येणाऱ्या ग्राहकांसाठी बांधलेली असतात. ज्या मुलाकडे किंवा आजोबांकडे गाडी नाही, त्यांना बस आणि सुरक्षित पदपथ नसेल तर हे ग्रंथालय असून नसल्यासारखंच.

तिसरी अडचण पैशांची. टेक्सासमधल्या शहरांचं बरंचसं उत्पन्न विक्रीकर आणि मालमत्ता करातून येतं. दुकान कर देतं. सार्वजनिक ग्रंथालय देत नाही, उलट पगार, वीज, एसी आणि नवी पुस्तकं यांसाठी दरवर्षी पैसे मागतं. तयार इमारत मिळाली म्हणून बांधकामाचा खर्च वाचू शकतो, पण चालवण्याचा खर्च टळत नाही.

मॅकअ‍ॅलन एकटंच नाही

मिसुरी राज्यातल्या लेबनन शहरात जुन्या केमार्टच्या इमारतीत ग्रंथालय आहे आणि त्याच छताखाली प्रसिद्ध 'रूट ६६' महामार्गाचं संग्रहालयही. ज्युलिया क्रिस्टेन्सन या कलाकार-लेखिकेने अमेरिकाभर फिरून अशा इमारतींचा अभ्यास केला. २००८ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात शाळा, चर्च आणि संग्रहालयं झालेल्या दुकानांची नोंद आहे.

दुकान असताना इथे येणाऱ्याने काहीतरी विकत घ्यावं, अशी अपेक्षा होती. आता खिशात एक डॉलर नसतानाही दिवसभर एसीत बसून वाचता येतं, कॉम्प्युटर वापरता येतो. इमारत तीच आहे, पण आत येण्यासाठी ग्राहक असण्याची गरज उरलेली नाही. शहर दरवर्षी खर्च करतं, ते यासाठीच.