स्वस्तातला सेलेरॉन

इतिहास म्हटलं की आपल्याला गडकिल्ले आठवतात. पण थोडा इतिहास टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यातही घडलेला असतो. आजचा विषय आहे १९९८ सालचा एक स्वस्त प्रोसेसर, आणि त्याला पाणी पाजणारी माणसं :) संगणकात रस नसलेल्या नातेवाइकांनीही वाचायला हरकत नाही, गणित शाळेतलंच आहे.

एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने 'सेलेरॉन' बाजारात आणला. पेंटियम टूचा हा धाकटा भाऊ, पण खर्च वाचवायला त्यातली एल-टू कॅश, म्हणजे सतत लागणारी माहिती हाताशी ठेवायची जागा, काढून टाकलेली. म्हणजे बघा, सुगरण उत्तम, पण मिसळणाचा डबा माळ्यावर! टीका व्हायची ती झालीच. मग ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. त्यात १२८ किलोबाइट कॅश होती, प्रोसेसरच्याच तुकड्यावर आणि त्याच्याच पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियम टूची कॅश ५१२ किलोबाइट, पण वेगळ्या चिपांवर आणि निम्म्या वेगाची.

आता लयीचं गणित. मदरबोर्ड एक ठेका देतो, त्याला बस म्हणतात. प्रोसेसर त्या ठेक्याच्या ठरावीक पटीत चालतो. ३००ए साठी ठेका ६६ मेगाहर्ट्झ आणि पट साडेचार, म्हणून वेग ३००. हळू चिपांवर मोठे आकडे छापून विकणारे व्यापारी तेव्हा होते, त्यामुळे इंटेलने ही पट कुलूपबंद केली होती. पण ठेका मोकळाच राहिला. पेंटियम टूसाठी बनलेल्या बीएक्स चिपसेटच्या मदरबोर्डांवर तो १०० करता येई. शंभर गुणिले साडेचार, झाले ४५०!

अ‍ॅबिट बीएच६ सारख्या मदरबोर्डावर हे काम मेनूतून होई. ती सोय नसेल तर प्रोसेसरच्या कार्डावरचा बी-२१ हा एक संपर्क चिकटपट्टीने किंवा चक्क नेलपॉलिशने झाकायचा. मदरबोर्डची समजूत होई की हा शंभरवालाच.

४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू त्याच महिन्यात आला होता. त्याचा घाऊक भाव ६६९ डॉलर, ३००ए चा १४९. भागाकार करून बघा, इथेही साडेचारच येतात. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवणाऱ्या घरांत सेलेरॉन म्हणजे 'बजेटमध्ये बसतो तो' अशी ओळख होती. आमच्याही घरी तोच आला होता. घरी येणारा प्रत्येक जाणकार "पेंटियम नाही का घेतलात?" असं विचारून जायचा.

मग प्रश्न असा, की ४५० ची कुवत असलेल्या चिपवर ३०० का लिहायचं? एक कारण प्रामाणिक आहे. तो आकडा म्हणजे हमी. गरम खोलीत, साध्या पंख्याखाली, वर्षानुवर्षं एवढा वेग मिळेलच, असं वचन. त्यापुढे गेलात तर जबाबदारी तुमची. आणि प्रत्येक ३००ए काही ४५० वर टिकत नसे. दुसरं कारण बाजाराचं. उत्पादन चांगलं जमलं की बऱ्याच चिपा वरच्या परीक्षेत पास होण्याजोग्या निघतात, पण स्वस्त मालाचीही मागणी असतेच. म्हणून चांगल्या चिपेवरही लहान आकडा छापला जातो.

हौशी लोकांनी हे दुसरं कारण ओळखलं, आणि मग त्यांची गाठ उष्णतेशी पडली. वेग दीडपट केला की उष्णताही साधारण दीडपट होते. चिप डगमगायला लागली म्हणून व्होल्टेज २ वरून २.२ केलं, तर उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही मिळून सुमारे १.८ पट. ४५० ला चांगला पंखा पुरे. त्याही पुढे जायचं, तर पाणी.

पाण्यासाठी बऱ्याच जणांनी घरीच जुगाड केला. प्रोसेसरवर आतून खाचा पाडलेला तांब्याचा ठोकळा, फिशटँकचा पंप, प्लास्टिकच्या नळ्या आणि गाडीच्या हीटरमधला छोटा रेडिएटर. इथे आपल्याला माठ आठवतो, पण माठाचं तत्त्व वेगळं. माठातलं थोडं पाणी उडून जातं म्हणून उरलेलं हवेपेक्षा गार होतं. इथे पाणी बंद नळीत फिरतं, ते खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. ते उष्णता फक्त चिपेपासून उचलून रेडिएटरपर्यंत पोचवतं. नागपुरात मे महिन्यात खोली ४२ अंशांवर असेल, तर ४२ च्या खाली उतरणं नाही.

पुढे हीच भिंत कंपन्यांनाही आडवी आली. २००४ मध्ये अ‍ॅपलने पॉवर मॅक जी५ कारखान्यातूनच द्रवाने थंड होणारा विकला. त्याच वर्षी इंटेलने 'तेजस' हा नियोजित प्रोसेसर रद्द केला आणि एकाच गाभ्याचा वेग वाढवत बसण्याऐवजी अनेक गाभ्यांची वाट धरली. २००८ च्या कोअर आय७ पासून तर प्रोसेसर तापमान आणि वीज बघून स्वतःच वेग वाढवू लागले. हौशी लोकांची युक्ती चिपेतच जाऊन बसली.

मला मात्र २०१० ची गोष्ट जास्त आठवते. इंटेलने ५० डॉलरचं एक कार्ड विकून पाहिलं. पेंटियम जी६९५१ मध्ये आधीपासूनच असलेली, पण बंद ठेवलेली कॅश आणि हायपरथ्रेडिंग ते उघडून देई. बरीच ओरड झाली आणि २०११ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. विकत घेतलेल्या वस्तूत जे आहे ते आपलं, की लेबलावर जेवढं लिहिलंय तेवढंच आपलं? नेलपॉलिशवाल्यांनी याचं उत्तर १९९८ मध्येच देऊन टाकलं होतं. त्याची किंमत म्हणून हमीवर पाणी सोडलं, तेही राजीखुशीने.

असो. सेलेरॉन हे नावही इंटेलने २०२३ पासून नव्या लॅपटॉपांवरून काढून टाकलं. पण 'स्वस्तातला आहे' असं कुणी म्हटलं की मी अजूनही विचारतो, स्वस्त कशामुळे? कुवत कमी म्हणून, की आकडा लहान छापलाय म्हणून?