कारणांचा रकाना : शालेय भूमितीतील सिद्धतेचा इतिहास

शालेय भूमितीत प्रमेयाची सिद्धता लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. जे दिलेले असते तो पक्ष, जे दाखवायचे ते साध्य, आकृतीत नव्याने काढलेली रेषा ही रचना आणि त्यानंतर पायरीपायरीने पुढे जाणारी सिद्धता, जिच्या प्रत्येक पायरीसमोर ती का मान्य करावी याचे कारण लिहिलेले असते. ही मांडणी युक्लिडपासून जशीच्या तशी चालत आली असावी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तिचे काही भाग प्राचीन असले, तरी प्रत्येक विधानाला कारण जोडलेच पाहिजे ही सक्ती बरीच अलीकडची असून ती गणितज्ञांपेक्षा शाळा, फळा आणि परीक्षा यांनी घडवली आहे.

इ.स.पू. ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात युक्लिडने रचलेल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथात १३ खंड आणि ४६५ विधाने आहेत. पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस याने परिपूर्ण विधानाचे सहा भाग सांगितले : सामान्य विधान, विशिष्ट आकृतीपुरता पक्ष, साध्याचा उच्चार, रचना, सिद्धता आणि निष्कर्ष. आजच्या पक्ष-साध्य-रचना या क्रमाचे मूळ येथे आहे. मात्र एखादी पायरी आधीच्या कोणत्या विधानावर उभी आहे, हे युक्लिड क्वचितच सांगतो. छापील आवृत्त्यांत दिसणारे तसे संदर्भ बहुतांशी नंतरच्या संपादकांनी घातलेले आहेत. भारतीय परंपरेत समर्थनाचे काम ‘उपपत्ती’ करीत असे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये ‘लीलावती’वर लिहिलेल्या ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेत भास्कराचार्यांच्या नियमांच्या उपपत्ती दिल्या आहेत. स्वयंसिद्ध तत्त्वांपासून, म्हणजे सिद्धतेवाचून मान्य केलेल्या विधानांपासून, अखंड साखळी बांधण्यापेक्षा नियमाविषयीची शंका दूर करण्याकडे या परंपरेचा कल होता. युक्लिडची साखळी संस्कृतात आली ती अठराव्या शतकात, जेव्हा सवाई जयसिंगाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राटाने नसीरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून ‘रेखागणित’ हा ग्रंथ सिद्ध केला.

एकोणिसाव्या शतकात भूमिती शिकणे याचा अर्थ मुख्यतः छापील सिद्धता पाठ करून ती शिक्षकासमोर म्हणून दाखवणे असा होता. अमेरिकेत युक्लिडच्या जोडीला लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाच्या १७९४ च्या भूमितीचे अनुवाद चालत. १८३० मध्ये येल महाविद्यालयात शांकवांच्या, म्हणजे शंकूच्या छेदांतून मिळणाऱ्या वक्रांच्या, परीक्षेत पुस्तकातील आकृती समोर न ठेवता फळ्यावर स्वतः आकृती काढून उत्तर देण्याचा नियम आला, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यास नकार दिला आणि चाळीसहून अधिक जणांना महाविद्यालय सोडावे लागले. मुंबई इलाख्यातही शालेय भूमिती म्हणजे युक्लिडच होता. राजकोटला शिकून १८८७ मध्ये मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या मोहनदास गांधींनी आत्मकथेत नोंदवले आहे की, इंग्रजी माध्यमातून शिकवली जाणारी भूमिती प्रथम त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती, परंतु युक्लिडच्या तेराव्या विधानापाशी पोहोचल्यावर या विषयाला केवळ सरळ तर्क पुरतो हे त्यांना एकाएकी उमगले. एका रेषेवर दुसरी रेषा उभी केली असता होणाऱ्या दोन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, हे ते विधान होय. पाठांतरावर चालणाऱ्या शिक्षणातही आकलन होई, पण ते घडवून आणण्याची जबाबदारी पाठ्यपुस्तकाने घेतलेली नव्हती.

हे चित्र बदलले ते विद्यार्थ्याने स्वतः सिद्धता रचावी अशी अपेक्षा पुढे आल्यावर. प्रमेयांच्या जोडीला, ज्यांची सिद्धता पुस्तकात दिलेली नाही अशी उदाहरणे छापली जाऊ लागली, आणि अमेरिकेत १८९२ मध्ये नेमलेल्या दहा सदस्यांच्या शिक्षण समितीने अशा स्वतंत्र सिद्धतांवर भर दिला. त्याच सुमारास शाळांतील गर्दीही वाढत होती : सार्वजनिक हायस्कुलांतील विद्यार्थी १८९० मध्ये सुमारे २ लाख होते, ते १९१० पर्यंत सुमारे ९ लाखांवर गेले. एवढ्या मुलांकडून तर्क लिहवून घ्यायचा आणि तो तपासायचाही, तर तर्काला नजरेत भरणारा आकार देणे भाग होते. शुल्ट्झ आणि सेव्हनोक यांच्या १९१३ च्या पाठ्यपुस्तकात तो आकार स्पष्ट दिसतो : पानाच्या मध्यभागी उभी रेघ, डावीकडे विधाने, उजवीकडे कारणे.

या रकान्याने काय साधले, हे समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयावरून कळते. त्रिकोण अबक मध्ये बाजू अब आणि बाजू अक समान असून त्यांच्यासमोरील कोन समान आहेत, हे दाखवायचे आहे. कोन अ चा दुभाजक काढला, तो पायाला ड मध्ये मिळाला, की डावीकडे तीन समानता येतात आणि उजवीकडे अनुक्रमे ‘पक्ष’, ‘रचना’ आणि ‘सामाईक बाजू’ ही कारणे येतात. त्यानंतर ‘बाकोबा’, म्हणजे दोन बाजू व त्यांमधील कोन यांची एकरूपतेची कसोटी, लागू होते आणि एकरूप त्रिकोणांचे संगत कोन म्हणून साध्य हाती येते. युक्लिडने मात्र हे प्रमेय पाचव्या क्रमांकावर बऱ्याच लांबच्या वाटेने सिद्ध केले, कारण कोन दुभागण्याची कृती त्याच्याकडे नवव्या विधानात येते, ती तीन बाजूंच्या कसोटीवर अवलंबून आहे आणि ती कसोटी शेवटी याच पाचव्या विधानावर टेकते. त्याच्या क्रमात दुभाजक वापरला असता तर सिद्धता स्वतःच्याच शेपटीला धरून बसली असती. शालेय पुस्तके या कसोट्या सिद्धतेवाचून मान्य करतात, म्हणून तेथे हे चक्र उद्भवत नाही. एखादे कारण ग्राह्य आहे की नाही, हे त्याच्या खरेपणाइतकेच त्याच्या क्रमावरही अवलंबून असते, आणि रकान्यामुळे ही तपासणी निदान शक्य झाली.

त्याची किंमतही मोजावी लागली. कोणते विधान सिद्ध करण्याजोगे आहे आणि कोणती गृहीतके पुरेशी आहेत, हे ठरवण्याचे काम पुस्तकाकडे गेले, तर पक्ष आणि साध्य आयते मिळालेल्या विद्यार्थ्याकडे त्यांमधील वाट भरून काढण्याचे काम उरले. हॅरोल्ड फॉसेट या शिक्षणतज्ज्ञाने ओहायो राज्य विद्यापीठाच्या शाळेत विद्यार्थ्यांनाच व्याख्या आणि गृहीतके ठरवू दिली, आणि १९३८ मध्ये त्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अमेरिकेतील गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८९ मध्ये दोन रकान्यांच्या सिद्धतेवरील भर कमी करण्याची शिफारस केली.

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत उभी रेघ नाही; पायरीचे कारण ओळीच्या शेवटी टिंबांपुढे किंवा कंसात येते. तरीही काम तेच आहे. दहावीच्या ‘गणित भाग २’च्या प्रश्नपत्रिकेत सिद्धतेतील चौकटी पूर्ण करण्याची कृती असते. तिच्यात विधानांचा क्रम आधीच ठरलेला असतो आणि विद्यार्थी एखादा कोन, एखादी बाजू किंवा ‘संगत कोन’ असे कारण भरतो. सर्वांना काही गुण मिळावेत आणि तपासणी निःसंदिग्ध व्हावी, या दृष्टीने ही सोय उपयुक्त आहे. परंतु १८९२ च्या समितीला जे हवे होते ते, म्हणजे स्वतः शोधलेली सिद्धता, अशा चौकटीत मावत नाही, कारण कोणती रेषा काढावी आणि कोणत्या प्रमेयाला हाक मारावी हा निर्णय तेथे छापूनच आलेला असतो. सिद्धतेच्या लेखनाचा आराखडा तपासणाऱ्याच्या गरजेतून जन्मला, हे लक्षात घेतले तर तो शिकवणे ही भूमिती शिकवण्याची सुरुवात ठरते, पूर्तता नव्हे.