टीबीच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करताय? आधी 'पांढऱ्या काविळी'बद्दल सांगा

घरात कुणाला टीबी निघाला की काही दिवसांत आशाताई किंवा आरोग्य कर्मचारी घरी येतात. घरातल्या सगळ्यांची तपासणी होते आणि ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनाही गोळ्या घ्यायला सांगतात. 'मला काही झालंच नाही, मग गोळ्या कशाला?' असं बरेच जण विचारतात. या गोळ्या गरजेच्या आहेत. पण घेणाऱ्याला हिपॅटायटीस बी, म्हणजे लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात ती असेल, तर डॉक्टरांना ते आधीच माहीत असायला हवं.

सुप्त टीबी म्हणजे काय?
टीबीचे जंतू अंगात असतात, पण झोपलेले असतात. खोकला नाही, ताप नाही, दुसऱ्याला लागणही होत नाही. अशा १०० जणांपैकी साधारण ५ ते १० जणांना पुढे कधीतरी टीबी होतो. तो होऊ नये म्हणून या गोळ्या. काहींना आयसोनियाझिड सहा महिने रोज देतात, तर काहींना आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन तीन महिने आठवड्यातून एकदा, असे १२ डोस.

पांढऱ्या काविळीचा संबंध काय?
आयसोनियाझिडमुळे काही जणांच्या लिव्हरला सूज येते. हिपॅटायटीस बीचा विषाणूही लिव्हरमध्येच राहतो. अनेकांच्या अंगात तो वर्षानुवर्षं असतो, डोळे पिवळे होत नाहीत, त्यामुळे पत्ताच लागत नाही. आधीच दुखावलेल्या लिव्हरवर गोळ्यांचा भार पडला तर धोका वाढतो. त्यात रोजची दारू असेल तर आणखी.

पांढरी कावीळ असली म्हणजे गोळ्या घेताच येत नाहीत, असं नाही. लिव्हरला सूज नसेल तर डॉक्टर मधूनमधून रक्त तपासून गोळ्या देऊ शकतात. सूज असेल तर आधी लिव्हरचा उपचार, गोळ्यांचं नंतर ठरतं.

गोळ्या सुरू करण्याआधी हे सांगा
- पूर्वी कावीळ झाली होती का, घरात कुणाला हिपॅटायटीस बी आहे का
- रक्तदानाच्या किंवा गरोदरपणाच्या तपासणीत 'बी पॉझिटिव्ह' आलं होतं का (रक्तगट बी पॉझिटिव्ह असणं वेगळं, त्याचा इथे संबंध नाही)
- दारू किती आणि किती वेळा घेता
- दुसरी कोणती औषधं चालू आहेत, झाडपाल्याची असली तरी

यातलं काही असेल तर हिपॅटायटीस बी आणि लिव्हरची रक्त तपासणी करून मागा. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

गोळ्या चालू असताना ही लक्षणं दिसली तर
जेवण नकोसं होणं, मळमळ, उलटी, खूप थकवा, पोटात उजवीकडे बरगडीखाली दुखणं, लघवी गडद होणं, डोळे पिवळे होणं. यातलं काही दिसलं तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. रिफापेंटिनने लघवी, घाम लालसर-केशरी होतो, त्याला घाबरू नका. मात्र सोबत मळमळ किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल तर थांबू नका. कावीळ उतरवून घेण्यात, माळ घालण्यात दिवस घालवू नका. लक्षणं नसताना मात्र मनाने गोळ्या बंद करू नका.

घरच्यांना लागण होते का?
एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने हिपॅटायटीस बी होत नाही. तो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. म्हणून दाढीचं ब्लेड, सुई, जत्रेतल्या गोंदणाची सुई दुसऱ्याची वापरू नका. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली लस द्या. ही लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात २०११ पासून आहे. त्याआधी जन्मलेल्या बऱ्याच जणांनी ती घेतलेलीच नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

टीबीबद्दल शंका असेल तर १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर विचारता येतं.